हात न लावता

जिना चढताना ती उजव्या मांडीखाली दोन्ही हात घालायची, पाय उचलून पायरीवर ठेवायची आणि त्याला दटावायची, "चल गं बये." स्वतःच्या पायाला बये म्हणणारी मी तेवढीच पाहिली.

भोरला वरच्या मजल्यावर माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. ती विंझरहून एसटी बदलून यायची. जन्मभर वाकून भातलावणी केलेली, खुब्याच्या पुढचा स्नायू आखडून बसलेला. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील, उभ्या राहिल्या तरी कमरेत अर्ध्या वाकलेल्याच.

मी व्यायाम दिला. कॉटच्या कडेला उताणं झोपायचं, एक गुडघा पोटाशी धरायचा, दुखरा पाय खाली सोडायचा. तिला हसूच आवरेना. दिवसाढवळ्या आडवी पडलेली बाई बघून घरचे काय म्हणतील, म्हणे. मग गोठ्यात दार लोटून, पेंढ्याच्या भाऱ्यांवर ती व्यायाम करू लागली. "म्हशीला सांगितलंय, कुनाला बोलू नगं," असं मला सांगायची.

हिवाळाभर नेटानं केलं. उन्हाळ्यात एके दिवशी हात न लावता जिना चढून आली. मला कोण आनंद झाला! पुढच्या खेपेला मुद्दाम मुलाला घेऊन आली आणि त्याच्यासमोर चढून दाखवलं. तो म्हणाला, "चला, म्हंजे इर्जिकीला माणूस झालं."

इर्जिक म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबायचं. लावणीला घरटी एक माणूस द्यावंच लागतं. मी बजावलं, यंदा वाकायचं काम बंद, नाहीतर केलेलं सगळं वाया. बायको शिवऱ्याला कामाला जाते, तो म्हणाला. मग तूच जा की, म्हटलं. तर हसला. लावणी बायांचं काम, म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती पदर सारखा करत म्हणाली, "जाऊंद्या डॉक्टर. चार घरांत नाव जातं."

त्यानंतर ती आली नाही.

दिवाळीनंतर मुलगा आला. एका दमात जिना चढून त्यानं नव्या तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली. आईनं पाठवली होती. कशी आहे, विचारलं.

"बरी हाय. बसूनच असती. मोरीपतुर धरून न्ह्यावं लागतं. पर लावणी लई झ्याक केलती बगा."

पिशवी त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पण रोपं तिनं लावलेली, तांदूळ तिनं पाठवलेला. ठेवून घेतला.

रात्री भात लावला. घरभर वास सुटला. पहिला घास उचलला आणि परत ताटात ठेवला.