पट्टी बांधलेला चष्मेवाला

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि घरी आलं की स्वतःच्याच डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसायचं, असा तिच्या नवऱ्याचा नेम होता. हातात तो रंगीत ठोकळा, फिरवून फिरवून रंग जुळवायचा. पोरंसोरं बघून जुळवतात. ह्या शहाण्याला न बघता जुळवायचा होता. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण थाट असा की याच्यावाचून जगाचं अडलंय.

रीत तिला तोंडपाठ झाली होती, कारण जेवताना रोज तीच टकळी. ठोकळ्यावरच्या प्रत्येक चौकटीला एक अक्षर. कुठला तुकडा कुठे जायचा ते आधी पाहून घ्यायचं, त्या ओळीने अक्षरं धरायची आणि दोन-दोन अक्षरांचं एक चित्र करायचं. ब आणि क म्हणजे बोका, प आणि ल म्हणजे पाल. मग मनातल्या मनात घरभर फिरत बोका चपलांवर, दुसरं काही फ्रिजवर, असं ठेवत जायचं. पट्टी बांधली की त्याच वाटेने एकेक उचलायचं. अशा दहा जागा. शेवटची म्हणजे मागच्या खोलीत भिंतीलगतची खाट, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची. बापाच्या पोटावर पाल ठेवताना ह्या गृहस्थाला काही वाटत नसे. खऱ्या खोलीत मात्र पाऊल नाही. जाता जाता दाराबाहेरूनच "जेवलात ना?" विचारायचं आणि उत्तराआधी पुढे सटकायचं.

सासरे फार काही मागत नव्हते. मुलाने घटकाभर जवळ बसावं, एवढंच रोज सुनेला सांगत. ती नवऱ्याला सांगे. ठोकळ्याची स्पर्धा होऊ दे, मग बसतो, हे त्याचं ठरलेलं उत्तर.

महिन्यापूर्वी सासऱ्यांना उजेड हवासा वाटला, म्हणून तिने शेजारणीला हाताशी धरून खाट खिडकीशी ओढली. फरशीवर खाटेचे पाय करकरले तेव्हा महाशय बाहेरच पट्टी बांधून बसले होते. आवाज करू नका, अक्षरं निसटतात, असं तिथूनच खेकसले. उठायचं नाव नाही.

स्पर्धेत तिसरा नंबर आला. भर दुपारी स्वारी पदक मिरवत घरी आली, तेव्हा तिने एवढंच म्हटलं की आता तरी बाबांजवळ जाऊन बसा.

"जातो की. पण बघच तू, हे घर मला डोळे मिटून पाठ आहे," असं म्हणत त्याने खिशातून पट्टी काढून बांधली.

आणि गेला. कुठे धडकला नाही, हे तिला कबूल करावंच लागलं. मागच्या खोलीत भिंतीपाशी थांबला, वाकला, "घ्या बाबा, तुमच्यासाठी," म्हणाला आणि पदक अलगद सोडलं. ते खणकन फरशीवर पडलं.

"इकडे आहे मी," खिडकीकडून सासरे म्हणाले. "महिना झाला."

त्याचा हात पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. बापाकडे बघायची त्याची हिंमत होईना. एका झटक्यात ती पट्टी तिला ओढता आली असती. तिने ओढली नाही.