अर्जंटचा खिळा

आमच्या गल्लीतल्या शिवणाऱ्या मावशींच्या दुकानात मशीनच्या वर एक खिळा आहे, अर्जंट कामाचा. त्यावर एका वेळी एकच कपडा टांगायचा, हा त्यांचा नियम.

तीन वाजता माझी मुलाखत होती आणि बारा वाजता पँटची चेन तुटली. मी गाऊनवरच धावत गेले, तर खिळ्यावर एका काकूंचा ब्लाउज आणि काकू समोर ठाण मांडून.

"मावशी, अर्जंट आहे!"

"सगळे तेच म्हणतात, बाळा. दुसरी चांगली पँट नाही?"

"नाही हो. मुलाखतीला हीच एक." मी तुटक्या चेनची पँट पुढे केली.

मावशी वळल्या. "आणि ताई, तुमच्याकडे दुसरा ब्लाउज?"

"कपाटभर आहेत! पण मॅचिंग नको का?"

मावशींनी ब्लाउज खाली उतरवला. "मग तुमची ती घाई. अर्जंट हिचं."

"डिक्शनरीच लिहा आता!" काकू फणकारल्या; पण उठून गेल्या नाहीत.

वीस मिनिटांत चेन बसली. नोकरीही मिळाली.

आता माझ्याकडे चार पँट्स आहेत. दुकानात पाऊल टाकतानाच मी सांगते, "सावकाश द्या, मावशी. माझ्याकडे दुसरी आहे."