बुटांच्या खोक्यातला प्रसाद

चारांपैकी दोन पिल्लं गेली होती, उरलेली दोन दूध घेत नव्हती आणि खाली पार्किंगमध्ये पादुकांच्या स्वागताचा मांडव उभा राहत होता. माझा अनुभव सुरू होतो तो इथून. देवाच्या कृपेचे असे अनुभव मी पुष्कळ वाचले आहेत. सासूबाईंकडे ते छापणारे अंक गठ्ठ्याने यायचे. त्यांत डॉक्टर नेमाने हात टेकतात, मग कोणी अनोळखी माणूस येतो, काम करतो, आणि वळून पाहावं तर दिसेनासा झालेला असतो. कॉलेजच्या ग्रंथालयात सगळी नोकरी गेल्यामुळे एका साच्याचं लिखाण मला चटकन ओळखू येतं. "त्या माणसाला एकदाही कोणी चहा कसा विचारत नाही?" असं मी सासूबाईंना म्हणायची. त्या रागवायच्या नाहीत. "तुझ्याकडे आला की तू विचार," एवढंच म्हणायच्या.

निवृत्त झाल्यापासून मी प्राण्यांच्या शेल्टरमधली मांजराची पिल्लं घरी सांभाळते. आईविना सापडलेली, डोळे न उघडलेली पिल्लं शेल्टरमध्ये टिकत नाहीत. तिथे आजार फार आणि माणसं थोडी. म्हणून ती कोणाच्या तरी घरी ठेवतात. बाटलीने दूध पाजायचं, ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची, उबेत ठेवायचं, आणि ती स्वतःची स्वतः खायला लागली की परत द्यायची, म्हणजे त्यांना कायमचं घर शोधता येतं. या कामाचे फोटो फार गोड येतात. फोटोत न येणारा भाग असा, की त्यांतली बरीच मरतात. सकाळी अंगावर चढणारं पिल्लू दुपारी हातात गार पडतं, आणि कारण विचारलं तर डॉक्टरसुद्धा प्रामाणिकपणे सांगतात की कधीकधी कारण नसतं. म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. काळं, करडं, पांढऱ्या पायाचं, असंच म्हणते. नाव ठेवलेलं पुरायला जड जातं.

पुरते मी इमारतीच्या मागे. कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांना असते तशी तिथे कुंपणाच्या भिंतीला लागून मातीची एक पट्टी आहे आणि तिच्यात तगरीची झाडं आहेत. नियमाप्रमाणे ती जागा बागेसाठी राखून ठेवलेली आहे. तगर छान फुलते. आमच्या अध्यक्षांना वाटतं, त्यांनी आणलेल्या खतामुळे.

ही चार पिल्लं मंडईतली. त्यांची आई टेम्पोखाली सापडली, आणि बटाट्याच्या रिकाम्या पोत्यांत ती ओरडताना एका भाजीवालीला दिसली. आल्यापासूनच त्यांचं काही खरं नव्हतं. आधी पांढऱ्या पायाचं गेलं, मग त्याच्या अंगाशी सदा चिकटून असणारं भुरं. उरली काळं आणि करडं. बाटलीची बोंडी तोंडात दिली की जीभ बाहेर काढून ढकलून द्यायची. डॉक्टर आमच्या ओळखीच्या, तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी नळीने थोडं पोटात घातलं आणि म्हणाल्या, "काकू, हे मी रोज करू शकते, पण ती स्वतः ओढायला लागली नाहीत तर उपयोग नाही. आणि घरी जबरदस्ती करू नका, दूध फुप्फुसात जाईल."

घरात दूध न पिणारं आणखी एकजण आहे. सासूबाई जाताना त्यांचा पितळी रांगता बाळकृष्ण माझ्याकडे सोपवून गेल्या. त्याची पूजा मी भक्तीने करत होते असं म्हणवत नाही. कोणी रजेवर गेलं की त्याच्या टेबलाचं काम करावं, तशी करत होते. सकाळी त्याच्यापुढे वाटीत दूध ठेवायचं आणि थोड्या वेळाने उचलायचं. यजमान ते पाहून म्हणाले, "देव पीत नाही, पिल्लं पीत नाहीत. या घरात दूध फक्त माझ्या चहाला लागतंय." मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिले.

त्या दिवशी सकाळी वाटी ठेवताना मी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. प्रार्थना म्हणावी असं काही नव्हतं, भांडणच होतं. म्हटलं, तुझ्यापुढे रोज ठेवते, तू पीत नाहीस, मी कधी चकार शब्द काढला नाही. तू पितळेचा आहेस, तुझं चालून जातं. त्यांचं चालणार नाही. त्यांना बाटली ओढू दे. मला दुसरं काही नको, फक्त बाटली ओढू दे. आणि डोळे पुसून, मूर्तीसमोर बडबड केल्याची थोडी लाज वाटून, मी पुन्हा बाटली गरम करायला गेले. पिल्लांनी ती ढकलून दिली.

दुपारपर्यंत खाली सनई सुरू झाली होती. कोणा महाराजांच्या पादुका येणार होत्या. त्यांच्यासाठी गाडी फुलांनी मढवली होती, पायघड्या होत्या, आणि पाकळ्या उडवणारं एक यंत्र भाड्याने आणलं होतं. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचा फोन आला.

"अहो, खाली या ना दर्शनाला. आज मागाल ते मिळतं म्हणतात."

"पिल्लं आजारी आहेत हो. सोडून येता येणार नाही."

"ती मांजरं होय? बरं, मग प्रसादाला तरी या. सगळी सोसायटी आहे. आपण नसलात की उगाच दिसून येतं."

फोन ठेवते तोच दाराची बेल वाजली. दारात एक पंचविशीची मुलगी होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पाठीऐवजी पोटाशी धरलेली लॅपटॉपची बॅग, आणि हातात बुटांचं खोकं. रडून चेहरा सुजला होता.

"काकू, वॉचमन काका म्हणाले, दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडम मांजरं पुरतात म्हणून."

इतकी वर्षं पिल्लं जगवून माझी ख्याती ही झाली होती.

मुलीचं नाव प्रणाली. अकोल्याची, इथे नोकरीला, पलीकडच्या गल्लीत पेइंग गेस्ट. रस्त्यावरून उचललेली एक मांजर तिने घरमालकिणीपासून लपवून ठेवली होती. ती तिच्या कपाटात व्याली. पहिलीच खेप, पिल्लं अशक्त, एकेक करून गेली. आधीची तिने टेकडीवर नेऊन पुरली होती. शेवटचं त्या सकाळी गेलं, आणि तेवढं चालत जाण्याची ताकद आता तिच्यात नव्हती. "इथं सगळीकडे फरशीच फरशी हो काकू. माती कुठंच नाही दिसून राहिली."

खरं सांगायचं तर मी दार लावणार होते. दाराच्या कडीवर हात होता. आत दोन जीव जायला टेकले होते. मी देवाकडे जगणं मागितलं होतं आणि त्याने, तो असलाच तर, आणखी एक मेलेलं पिल्लू पाठवलं होतं, तेही पुरण्याच्या विनंतीसह. त्याच्या विनोदबुद्धीचं मला त्या क्षणी कौतुक वाटलं नाही. "मागे तगरीची झाडं आहेत, तिथे खणा," असं सांगून मी तिला वाटेला लावणार, तेवढ्यात मला आठवलं की मांडवाचा जनरेटर नेमका त्या मातीवर आणून ठेवला आहे. पादुका जाईपर्यंत माझी स्मशानभूमी बंद होती. मग त्या मुलीला रडत जिन्यात बसवायचं की काय? म्हटलं, "आत ये. खालचा जनरेटर हलला की पुरू. तोवर चहा घे."

ती आत आली, खुर्चीवर बसली, आणि बॅगेतून आवाज आला. मांजरीचा आवाज मी खूप ऐकला आहे, पण हा तसा नव्हता. घशातून खोल, पुन्हा पुन्हा, कोणाला तरी हाक मारत राहावं तसा.

"तिलाही आणलंस?"

"पापडी नाव आहे तिचं. सकाळपासून कपाट उकरून राहिली. मला वाटलं, पुरताना तिनं बघितलं तर समजेल तिला, शोधायची थांबेल." मग ओशाळून म्हणाली, "मूर्खपणा आहे ना काकू? आणि तिचं पोट बघा ना, दगडासारखं झालंय. हात नाही लावू देत."

दूध. गॅसवरचं चहाचं आधण उकळून वर आलं आणि ओट्यावर सांडलं.

मी डॉक्टरांना फोन केला. पिल्लं कशी गेली, मांजरीला ताप आहे का, जुलाब आहेत का, त्यांनी सगळं विचारलं, मी मुलीला विचारून सांगितलं. "धोका आहे," त्या म्हणाल्या. "आजार असू शकतो, किंवा ती त्यांना चावूनही टाकेल. पण तुमच्या पिल्लांकडे तसाही वेळ नाही. तिच्या पिल्लाचा वास लावून बघा."

असं करतात हे मी ऐकून होते. आई नसलेल्या पिल्लांना, पिल्लं गेलेल्या मांजरीच्या पोरांचा वास चोळायचा. कधी करून पाहिलं नव्हतं, कारण त्यासाठी मेलेलं पिल्लू आणि त्याची आई एकाच वेळी हाताशी लागतात, आणि असा योग कोणी मागत नाही.

खोक्यात प्रणालीच्या जुन्या ओढणीचा तुकडा होता, आणि त्यात गुंडाळलेलं ते. मी तिला काय करायचंय ते सांगितलं. तिने खोकं छातीशी धरलं.

"म्हणजे तिला फसवायचं?"

"हो," मी म्हटलं.

बऱ्याच वेळाने तिने झाकण काढलं. मेलेल्या पिल्लाला मी स्वच्छ रुमालावर ठेवलं, आणि त्या ओढणीच्या तुकड्याने काळ्याला आणि करड्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत पुसून काढलं. माझ्या हातांना घाईत चुका करायची सवय आहे. त्या दिवशी झाल्या नाहीत. खाली घोषणा सुरू झाल्या होत्या, पाकळ्यांचं यंत्र घरघरत होतं, आणि आमच्या न्हाणीघरात टॉवेलावर आम्ही ती दोन पिल्लं ठेवली आणि बॅगेची चेन उघडली.

पापडी बाहेर आली. काळ्याला हुंगलं. मागे सरली. पुन्हा पुढे येऊन हुंगलं, खूप वेळ, मानेपाशी, पोटापाशी. मग तिने मान वर करून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, जिथे टेबलावर रुमालात तिचं स्वतःचं होतं. त्या दिशेला ती बघत राहिली. नंतर वळली, टॉवेलावर आडवी झाली, आणि पंजाने काळ्याला पोटाशी ओढून चाटू लागली.

ती फसली असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तिला ठाऊक होतं. तिने ठाऊक असून घेतलं. हा माझा तर्क आहे, मांजरांच्या नाकाचं ज्ञान असलेला कोणीही तो खोडून काढू शकेल, आणि मी वाद घालणार नाही. ज्या आवाजासाठी मी कितीतरी दिवस कान देऊन होते तो चुटूचुटू आवाज मात्र खरा होता. काळं पीत होतं. प्रणाली आणि मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून राहिलो. यजमान दारात येऊन उभे राहिले. नेहमीप्रमाणे काहीतरी बोलतील असं वाटलं. ते आत गेले आणि सांडलेलं आधण पुसून त्यांनी नवा चहा टाकला. माझ्या अनुभवातली अनोळखी व्यक्ती अदृश्य झाली नाही. तिने दोन कप चहा घेतला, आणि दुसऱ्यात साखर जास्त मागितली.

करड्याला ओढण्याचं बळ उरलं नव्हतं. मी त्याला पापडीच्या आचळाशी धरत होते, सुटत होतं, पुन्हा धरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेलं. पण टॉवेलावर एकटं नाही. पापडीच्या मानेखाली, चाटून ओलंगच्च झालेलं. जनरेटर हलवला होता. मागच्या मातीवर चुरगळलेल्या पाकळ्यांचा खच होता. प्रणाली कामावर जाण्याआधी आली आणि करडं व तिचं पिल्लू आम्ही एकाच खड्ड्यात, त्याच ओढणीत ठेवलं. माती ओढताना ती म्हणाली, "काकू, एक जगलं ना?" मी म्हटलं, "एक जगलं." याहून मोठा दावा माझ्या या अनुभवात नाही.

काळं खायला-प्यायला लागेपर्यंत ते आणि पापडी आमच्याकडे राहिली. मग प्रणालीने मांजर चालेल अशी खोली शोधली आणि लॅपटॉपच्या त्याच बॅगेत घालून दोघांना घेऊन गेली. शेल्टरमध्ये त्याची काळं मांजर, नर, दत्तक, अशी नोंद झाली. मी बाटल्या उकळून ठेवल्या. पुढची पिल्लं आली. त्यांतलीही सगळी जगली नाहीत.

शरणागतीबद्दल मी खूप वाचलं होतं आणि मला ती आळशी माणसांची सोय वाटायची. आता तसं वाटत नाही. मी बाळकृष्णाकडे मागितलं ते माझ्या आराखड्यासकट: बाटली, आणि तीच. ती पिल्लं बाटली कधीच प्यायली नाहीत. जे आलं ते मला नको असलेल्या रूपात आलं, मृत्यूच्या हातून, आणि एका जनरेटरमुळे मी त्याला चहाला बसवलं. मागावं, मागण्यात कमीपणा नाही. पण ते कसं यावं हे सांगत बसू नये, आणि दारात जे येईल ते आधी आत घ्यावं. एवढंच मला कळलं आहे, आणि तेही रोज विसरायला होतं.

बुटांच्या खोक्यातून आलेल्या त्या पिल्लाला मी मनोमन नमस्कार करते. त्याचं नाव मला माहीत नाही. मी विचारलं नाही. बाळकृष्णापुढे दुधाची वाटी अजून ठेवते. तो अजून पीत नाही. उचलायची घाई मात्र मी आता करत नाही. आणि सकाळी खाली जाऊन तगरीची फुलं आणून त्याला वाहते. ती कशामुळे फुलतात, हे अध्यक्षांना माहीत नाही. आम्हा दोघांना माहीत आहे.