मिरजेच्या कामातलं कन्नड

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंजिनिअरिंग करून मी सांगलीतच एका छोट्या कंपनीत लागले होते. कंपनी म्हणजे कापडदुकानावरच्या दोन खोल्या. तिथं मिरजेच्या एका दवाखान्याचं काम आलं. पेशंटची नोंदणी जावा या संगणकाच्या भाषेत करायची, ब्राउझरवर चालणारी. मिरजेला कर्नाटकातून खूप पेशंट येतात, म्हणून पानं मराठी, कन्नड आणि इंग्रजीत दिसायला हवी होती.

तोवर पडद्यावरचा प्रत्येक शब्द आम्ही प्रोग्रॅममध्येच लिहून टाकायचो. आता ते सगळे बाहेर काढून प्रत्येक भाषेची वेगळी फाईल करायची होती. भाषा निवडली की जावा त्या फाईलमधून शब्द उचलणार, आणि तिथं नसला तर गुपचूप मराठी दाखवणार. मराठी माझ्याकडे आलं. कन्नड माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडे. तो जतकडचा, घरी कन्नडच बोलणारा.

कन्नडचा फाँट मशीनवर आपणच घालावा लागे. नसला की पडद्यावर भलतीच चिन्हं उमटायची. तो शब्द सांगायचा, मी टाईप करायची आणि मोठ्यानं म्हणून बघायची. बेकु म्हणजे हवं. बेड म्हणजे नको. माझे उच्चार ऐकून तो मान मागं टाकून हसायचा.

एका संध्याकाळी आयर्विन पुलावरून चालताना तो म्हणाला, "एवढं शिकलीयस, तर आमच्या घरी बोलायला ये की. कायमची."

"आधी आमच्या घरी विचार," मी म्हटलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता.

तो आमच्या कोरेगावला येऊन गेला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांनी त्याला आग्रह करकरून जेवू घातलं. तो गेल्यावर म्हणाले, "लय सरळ हाय पोरगं."

मग त्याची आई डोळे दाखवायला सांगलीला आली. त्याच्या खोलीवर मी तिला भेटायला गेले, अबोलीची वेणी घेऊन. तिनं ती लगेच केसांत माळली. मला जवळ बसवून मोडक्या मराठीत विचारलं, "कोरेगावात कुठं घर तुमचं?"

"बौद्धवस्तीत, मावशी."

तिचा हात वेणीकडे गेला आणि तिथंच थांबला. वेणी तिनं काढली नाही. चहा ओतत असलेल्या मुलाकडे बघून ती हळूच, अगदी शांतपणे बोलली, "नम्म मनेगे बेड." आपल्या घराला नको. मला कळणार नाही असंच तिला वाटलं असणार.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो काहीतरी बोलेल, निदान "नंतर बघू" तरी म्हणेल. त्यानं किटली खाली ठेवली.

"आय्तु, अव्वा," तो आईला म्हणाला.

आय्तु म्हणजे ठीक आहे. कन्नड पानांवरच्या 'ओके'च्या प्रत्येक बटनावर मीच तो शब्द टाईप केला होता.

मी चहा प्याले. त्याच्या आईच्या पाया पडले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तो म्हणाला, "आई दमली होती काल. मी तिला सावकाश समजावीन."

"ती काय म्हणाली ते मला कळलं."

त्याचा चेहरा उतरला. "सगळं?"

"तू काय म्हणालास तेही."

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो. पुढच्या महिन्यात त्याला बंगळुरूची नोकरी लागली. निघताना त्यानं सगळ्यांचा निरोप घेतला, मला म्हणाला, "तुझं चांगलं होईल."

कन्नडचं काम अर्धवट राहिलं होतं. अर्ध्या पानावर कन्नड आणि मध्येच मराठी यायचं. ते पुरं करायला मी मिरजेच्या त्या दवाखान्यात जाऊन तिथल्या एका कन्नड सिस्टरांजवळ बसले. त्या सांगायच्या, मी लिहून घ्यायची. शब्द नीट म्हटला की त्या कौतुकानं विचारायच्या, "कुणी शिकवलं गं?" मी ऑफिसचं नाव सांगायची.

काम पसंत पडलं. मालकांनी पेढे वाटले. मी पेढे घेऊन कोरेगावची एसटी धरली. स्टँडवर आबा उभे होते. पुडा हातात घेत त्यांनी विचारलं, "त्यो जतचा पोरगा कवा येनार हाय?"

"न्हाई येनार, आबा."

"का गं? काय झालं?"

त्यांना काय सांगायचं? कोरेगावात आमचं घर कुठं ते त्याच्या आईनं विचारलं होतं, एवढंच मी सांगितलं. आबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "तुझ्या आईला आज नगं सांगू. उद्या मी सांगतो."