घडायचं ते घडल्यासारखं

मला इंग्रजी वाचायला शिकवलं ते मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या एका बाईंनी. आधी त्यांचे उपकार सांगते, मग काय झालं ते. उलट्या क्रमाने सांगितलं तर वाचणाऱ्याला वाटेल, ही फक्त स्वतःचं मन हलकं करायला बसली आहे.

त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. गाडी चालवताना सीटवर उशी घेऊन बसायच्या, नाहीतर त्यांना समोरचं दिसायचं नाही. मी त्यांना टीचर म्हणायचे. त्या म्हणायच्या, नावाने हाक मार, पण आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभच रेटायची नाही. दर मंगळवारी सकाळी त्या इथे अमेरिकेत मॉरिसव्हिलला, मी काम करते त्या घरी यायच्या, मला त्यांच्या चर्चच्या हॉलमधल्या इंग्रजीच्या वर्गाला न्यायच्या आणि परत आणून सोडायच्या. दोन वर्षं. मला गाडी येत नाही आणि इथे गाडीशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. कधी पैसे मागितले नाहीत, कधी ‘आमच्या धर्मात ये’ म्हणाल्या नाहीत. एकदाच विचारलं, रविवारी प्रार्थनेला येशील का? मी म्हटलं, ‘टीचर, माय गॉड ॲट होम.’ त्या हसल्या आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

माझी शाळा नववीत सुटली. इंग्रजीत दोनदा नापास झाले, मग घरचे म्हणाले, पुरे. पुढे लग्न झालं, दिरांनी आम्हाला इकडे बोलावून घेतलं. नवरा इंडियन ग्रोसरीच्या दुकानात माल लावतो. मी एका रिटायर्ड डॉक्टर काकांकडे स्वयंपाक करते आणि काकूंचं बघते. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. माणसं चांगली आहेत, मला ‘अगं’ म्हणतात, घरातलीच समजतात. तरी मला सारखी धाकधूक असते, आपल्याकडून काही चुकेल म्हणून. इथल्या सिटिझनशिपच्या मुलाखतीत इंग्रजीतलं एक वाक्य वाचून दाखवावं लागतं. त्या एका वाक्याच्या धास्तीनेच मी वर्गाला जायला लागले.

वर्गातली पुस्तकं लहान मुलांची होती. मांजर चटईवर बसलं, चेंडू लाल आहे. एक दिवस मीच टीचरच्या पर्समधल्या जाड पुस्तकाकडे बोट दाखवलं. त्या कचरल्या. वर्गात धर्म आणायचा नाही, हा त्यांचाच नेम होता. पण मी हट्ट धरला. मोठ्या माणसांचं पुस्तक वाचायचं होतं मला.

तो त्यांचा धर्मग्रंथ. मॉर्मन लोक बायबल मानतातच, पण हा त्यांचा स्वतःचा. जुन्या काळी अमेरिकेत राहिलेल्या लोकांची आणि त्यांच्यातल्या भविष्य सांगणाऱ्यांची ही हकिगत, सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेली, आणि दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या गुरूने देवाच्या मदतीने ती इंग्रजीत आणली, असं ते मानतात. वाक्यं फिरून फिरून सारखी यायची, म्हणून मला बरं पडायचं. आम्ही दोघी वर्ग संपल्यावर मागच्या खोलीत बसून वाचायचो, मी बोट ठेवून आणि त्या ओठ हलवत.

एकदा राजापुढे उभ्या केलेल्या एका भविष्य सांगणाऱ्याचं भाषण आलं. काळ येशूच्या जन्माच्या शंभराहून जास्त वर्षं आधीचा. आणि तो बोलतोय असं, जणू येशू येऊन गेला आहे. त्याच आठवड्यात मी काळ शिकले होते, भूतकाळ, भविष्यकाळ. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

‘टीचर, ही नॉट बॉर्न. व्हाय पास्ट टेन्स?’

त्यांनी पुस्तक हलकेच मिटलं. मग हळूहळू, मला समजेल अशा शब्दांत त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा विसाव्या वर्षी नेमकं याच वाक्यापाशी येऊन थांबला होता. ग्रंथात लगेच पुढे खुलासा आहे की मी पुढच्या गोष्टी घडून गेल्यासारख्या बोलतो आहे. मुलगा म्हणाला, आई, हीच तर गंमत आहे. लिहिणारा खरा येशूच्या नंतरचा, म्हणून सवयीने भूतकाळ निघून गेला, चूक लक्षात आली, खोडता येईना, म्हणून ही सारवासारव. तिथून तो धर्मापासून दूर गेला तो गेलाच. आता फोनवर दोघं फक्त हवामानाचं बोलतात.

‘यंदा थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतोय,’ त्या म्हणाल्या. ‘किती वर्षांनी. मला त्याला वादात हरवायचं नाहीये. पण या वाक्याबद्दल माझ्याकडे बोलायला एक तरी गोष्ट हवी होती. तेव्हा नव्हती, आजही नाही.’ आणि मग, ‘हे मी चर्चमध्येही कुणाला सांगितलेलं नाही.’

मी मान हलवली. माझ्या पोटात राहील, असाच त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

रविवारी काकांकडे त्यांचे नागपूरचे मित्र यायचे, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. त्या रविवारी मी थालीपीठ लावत होते आणि बाहेर नेमका मॉर्मन लोकांचाच विषय निघाला. त्यांचे दोन तरुण प्रचारक नागपूरच्या काकांच्या दारी आले होते.

‘पोरं गोड होती यार,’ नागपूरचे काका सांगत होते. ‘पांढरे शर्ट, काळे टाय, सायकलवर. मी पाणी दिलं, मग दोन तास सोडलंच नाही.’

‘त्यांनी तुम्हाला, की तुम्ही त्यांना?’ काकूंनी विचारलं.

काका पुढे सरसावले. ‘पॉइंट सिम्पल आहे. त्यांच्या ग्रंथातली भविष्यं चेक कर. समुद्र ओलांडून एक माणूस अमेरिकेत येईल, मागून लोक येतील, स्वतंत्र होतील. सगळं करेक्ट. ग्रंथ उजेडात आणणाऱ्याचं नाव त्याच्या वडिलांचंच असेल, तेही करेक्ट! आता ग्रंथ छापला त्या सालानंतरचं बघ. सगळं धुकं. का?’

‘पण भाऊ, ती पोरं काय म्हणाली माहीत आहे? नेमकं सांगितलं तर तुम्ही म्हणता मागाहून लिहिलं, मोघम सांगितलं तर म्हणता काहीच सांगितलं नाही. देवाने करावं तरी काय?’

‘देवाने साल घालून, सही करून द्यावं!’

‘आणि आपल्या एका पुराणात इंग्रजांच्या राणीचं आलंय म्हणतात, ते?’ काकू म्हणाल्या.

‘ते मागाहून घुसवलंय.’

‘आपलं ते घुसवलेलं आणि त्यांचं ते फ्रॉड. छान.’

सगळे हसले. मी थालीपीठाची ताटली घेऊन दारात उभी. आणि कोण जाणे काय झालं, मी म्हटलं, ‘काका, त्यांच्यात एक वाक्य आहे.’

तिन्ही माना वळल्या. मी ते वाक्य सांगितलं, काळाची गडबड सांगितली, सारवासारवीचं सांगितलं. काकांनी मांडीवर थाप मारली. ‘ऐकलंस? आपण इंटरनेटवर डोकं फोडतोय, आणि हिने व्याकरणात पकडलं! अगं, बस, बस इथे.’

‘बाई, तुम्ही तर वकील व्हायला हवं होतं,’ नागपूरचे काका म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्या सोफ्यावर पहिल्यांदा बसले. थालीपीठ माझ्याच हातात गार होत होतं. माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं, शाळेत तर नाहीच. तो मुद्दा माझा नव्हता, टीचरच्या मुलाचा होता, हे सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला त्या सोफ्यावर अजून थोडा वेळ बसायचं होतं. मी मुलाचं सांगितलं, हवामानाच्या फोनचं सांगितलं, थँक्सगिव्हिंगचंही सांगितलं. काकू तेवढ्या म्हणाल्या, ‘बिचारी.’ मी उठून आत गेले.

नऊ दिवसांनी, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी, टीचर मला न्यायला आल्या. एरवी मी बाहेर पायरीवर तयार असायचे. त्या दिवशी काकूंच्या खिचडीला उशीर झाला. दार काकांनी उघडलं. काका वाईट नाहीत. त्यांना वाद म्हणजे पाहुणचार वाटतो, चहा द्यावा तसा देतात.

‘तुमच्या मुलाचा मुद्दा फार बिनतोड आहे,’ ते इंग्रजीत म्हणाले. ‘काळाची गल्लत झाली, खोडता येईना, म्हणून पुढे खुलासा जोडला. त्याला माझ्यातर्फे सांगा, एक रिटायर्ड डॉक्टर त्याच्या बाजूने आहे.’

‘माझ्या मुलाचा?’ टीचर म्हणाल्या.

मला स्वयंपाकघरातून त्यांची अर्धी पाठ दिसत होती. कोट निळा होता. त्यांनी त्याचं वरचं बटण लावलं. काका आणखी काहीतरी बोलत होते. मग टीचरनी माझ्या दिशेने विचारलं, येतेस ना?

मी घाबरून ओरडले, ‘आय केम, टीचर! आय केम!’

‘यू केम?’ त्यांनी वाकून पाहिलं. ‘पण तू तर अजून शेगडीपाशीच उभी आहेस.’

काका खळखळून हसले. ‘ती येतेय असं म्हणतेय. आमच्या मराठीत अशीच पद्धत आहे. निघालोही नसलो तरी म्हणतो, आलो. आलेच! भविष्यकाळाला सरळ भूतकाळ. इंग्रजीत आणलं की घोटाळा होतो.’

ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले आणि त्यांना कळलं नाही. टीचरनाही नाही. त्यांचं लक्ष तिथे नव्हतंच. मला मात्र खिचडीचा डाव हातात धरून उभ्या उभ्या कळलं. जी गोष्ट नक्की होणार असं सांगायचं असतं, ती आम्ही झाली म्हणूनच सांगतो. आमच्याकडे लहान पोरही असं बोलतं आणि त्याची कुणी काळाची चूक धरत नाही. त्या राजापुढच्या माणसानेही तसंच म्हटलं असेल, ‘आलाच’.

यातून त्यांचा ग्रंथ खरा ठरत नाही, एवढं मलाही समजतं. विमानतळावर मी आईला म्हटलं होतं, दोन वर्षांत आलेच. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा असं बोलणारा द्रष्टा असतो की माझ्यासारखा, ते वाक्यावरून कळत नाही. काकांचं धुकं तिथेच राहतं. पण ती चूकच असली पाहिजे, असंही राहत नाही. मुलापुढे बोलायला एक गोष्ट, टीचरना तेवढीच हवी होती. दोन दिवसांनी तो त्यांच्या टेबलाशी बसणार होता आणि ती गोष्ट माझ्या तोंडात होती.

मी बोलले नाही. काकांसमोर बोलायची हिंमत नव्हती. ते दोन वाक्यांत माझं म्हणणं उलटं करतील, ही भीती. गाडीत तर आम्ही दोघीच होतो. टीचरनी फक्त विचारलं, ‘हीटर वाढवू?’ मी म्हटलं, ‘नो, थँक यू.’ ते वाक्य सांगायचं तर आधी मी सगळं सांगून टाकलं, हे कबूल करावं लागलं असतं. सॉरी हा शब्द मला नववीतही येत होता. पण वाटलं, कबूल केलं आणि पुढच्या मंगळवारपासून त्या आल्याच नाहीत तर? माझी मुलाखत दोन महिन्यांवर होती. असा हिशेब मी केला, त्यांच्याच गाडीत, त्यांच्या शेजारी बसून.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या. मी पायरीवर उभी होते, अर्धा तास आधीपासून. विचारलं, ‘सन केम?’

‘आला होता. भोपळ्याचा पाय खाल्ला. छपराची पन्हळ नीट करून दिली.’ मग म्हणाल्या, ‘पुस्तकातल्या त्या वाक्याचं त्याने विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, हे तू तेव्हाही म्हणाली होतीस.’

पाय म्हणजे इथली भोपळ्याची गोड पोळी म्हणा. आमच्या पोळीसारखी नसते, पण दुसरा शब्द मला सुचत नाही. मी त्या पायबद्दलच विचारत बसले. कशात भाजतात, किती वेळ. त्यांनी मला सगळी कृती सांगितली.

त्यांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. मुलाखतीच्या दिवशी त्याच मला घेऊन गेल्या, बाहेर बाकावर बसून राहिल्या. ऑफिसरने पुढ्यात ठेवलेलं वाक्य मी न अडखळता वाचलं. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठी मारली, आणि मला वाटलं, आता सांग, आताच सांग. मी रडले. त्यांना वाटलं आनंदाने.

वसंतात त्या त्यांच्या मुलीकडे पश्चिमेला राहायला गेल्या. गुडघे आता गाडीला साथ देत नाहीत म्हणे. जाताना मला पत्ता लिहून दिला, मोठ्या सुट्या अक्षरांत, मला वाचता यावा म्हणून. तो माझ्या डब्यांच्या फळीवर आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. काका अजून रविवारी विषय काढतात, ‘अगं, तुझं ते वाक्य सांग यांना.’ मी म्हणते, गॅसवर दूध आहे.

टीचर, हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्ही वाचणार नाही, आणि म्हणूनच लिहायला सोपं गेलं, तेही मला माहीत आहे. पण हे इंग्रजीतही मी लिहीन. काकांना दाखवून नाही, फोनला विचारून नाही, माझ्या हाताने, चुकांसकट. आधी तुमचं गुपित मी कुठे आणि कशासाठी उघडं केलं ते. मग आमच्या भाषेतली ती गोष्ट, आणि ती एका वेगळ्या कागदावर, तुमच्या मुलाला द्यायची असेल तर देता यावी म्हणून. तो नाही पटलं म्हणेल. म्हणू दे. पण पुढच्या वेळी तो विचारेल तेव्हा तुम्हाला ‘माहीत नाही’ म्हणावं लागू नये, एवढं मी तुमचं देणं लागते, आणि ते मी फेडणार आहे.