अक्षयचा गडवा

दिग्रसच्या जिनिंगमधल्या बाया नलूबाईंबद्दल म्हणत, "तिले कायचं भेव? भेवच तिले भेते!" एकदा कापसाच्या ढिगातून घोणस निघाली. सगळ्या किंचाळत पळाल्या. नलूने ती काठीवर उचलून कुंपणाबाहेर टाकली आणि पुन्हा कवडी वेचायला बसली. कवडी म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस. पांढऱ्या ढिगातली एवढीशी पिवळी झाक तिच्या नजरेतून सुटत नसे.

त्याच नजरेने एक दिवस घरात तिला भीती दाखवली. बारावीतली लेक, सुरभी, दारात बसून जेवत होती. तोंडावर ऊन पडलं आणि नलूला तिच्या डोळ्यांत कवडी दिसली. हातातलं उलथणं गळून पडलं. तीन वर्षांपूर्वी मोठ्या मुलाचे, अक्षयचे, डोळे असेच पिवळे झाले होते. तेव्हा कावीळ म्हणून झाडपाला झाला, गळ्यात माळ झाली. तांब्याच्या गडव्यात, म्हणजे लोट्यात, रात्रभर ठेवलेलं पाणी लिव्हरला चांगलं, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नलूने तेही त्याला रोज पाजलं. पोरगा हाती लागला नाही.

या वेळी ती कुणाला विचारायला थांबली नाही. लेकीला घेऊन तिने तडक नागपूर गाठलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. आजार जन्मजात होता. अन्नातलं तांबं सुरभीच्या शरीराला बाहेर टाकता येत नव्हतं. ते लिव्हरमध्ये साचून लिव्हर नासवत होतं. औषध जन्मभर घ्यावं लागेल, पण घेतलं तर मुलगी जगेल.

"घरात तांब्याची भांडी असतील तर वापरू नका," त्या म्हणाल्या. "हिच्या भावालाही बहुधा हेच झालं असावं."

गडव्याचं सांगायला नलूची जीभच उचलली नाही.

घरी येताच तिने हंडा, घागर, ताम्हण, सगळं मोडीत घातलं. सुरभीच्या बोटातली तांब्याची अंगठीही काढून फेकली. राहिला फक्त तो गडवा. अक्षयच्या फोटोपुढे ती त्यात रोज ताजं पाणी ठेवायची. गेलेल्या पोराला आता कसली बाधा, म्हणून तो तसाच राहिला.

पण जिनिंगमधली वाघीण घरात पार भागूबाई झाली. उठल्या उठल्या लेकीला उजेडात ओढायची आणि तिच्या पापण्या ताणून बघायची.

"माय, डोये काढून हातात देऊ काय तुह्या?" सुरभी वैतागायची.

अशात शेजारच्या मथुराबाई आल्या. जगातल्या कोणत्याही दुखण्यावर त्यांच्या पिशवीत एक डबी असायचीच. "अँटिऑक्सिडंट हाय, बाई. धातूचं जहर लिव्हरले शिवू देत नाही. डॉक्टरचं औषध चालू राहू दे, हे वरून दे."

वरून दिलं तर काय बिघडतं? दाराला एकाऐवजी दोन कुलपं लागतील, एवढाच हिशेब नलूने केला. त्या दिवसापासून डॉक्टरच्या औषधाबरोबर एक गुलाबी गोळीही सुरू झाली.

पुढच्या तपासणीत तांबं उतरायला हवं तसं उतरलं नव्हतं. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. "औषध चुकतं का?"

"नाही जी, एक बी नाही. वरून हे बी देऊन राह्यली ना!" नलूने मोठ्या उमेदीने डबी पुढे केली. शाबासकी मिळेल असंच तिला वाटलं होतं.

डॉक्टरबाईंनी डबी फिरवून वाचली आणि टेबलावर ठेवली. "बाई, यात तांबं आहे."

अशा गोळ्यांत ते पुष्कळदा असतं, निरोगी माणसाला चालतं, हिला नाही, असं त्या सांगत राहिल्या. तांबं नसतं, तरी अशा गोळीने लिव्हरला फार तर थोडा आधार मिळाला असता. साचलेलं तांबं काढायचं काम औषधाचंच. नलूला त्यातलं अर्धंही ऐकू आलं नाही.

"म्हणजे मीच मारून राह्यली होती हिले," ती म्हणाली. मग इतके दिवस न सांगितलेलं बाहेर पडलं. "अक्षयले बी मीच पाजलं, तांब्याच्या गडव्यातलं पाणी. त्यानंच गेला काय जी तो? खरं सांगा."

डॉक्टरबाईंनी डबी बाजूला सारली. "आजार त्याला जन्मापासून होता, तुम्ही दिला नाही. पाण्याने थोडी भर पडली असेल, नसेल. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ही मात्र वेळेत सापडली आहे. डबी आजच बंद करा."

एसटीत नलू 'नसेल' हा शब्द घट्ट धरून बसली. पण 'असेल' काही तिला सोडत नव्हता.

"तुले काय मालूम होतं, माय?" सुरभी हळूच म्हणाली.

घरी पोचल्यावर ती चप्पल न काढताच अक्षयच्या फोटोपुढे गेली. गडवा उचलला आणि पाणी मोरीत ओतलं. मग स्टीलचा गिलास राखेने घासला, धुतला, पुन्हा धुतला, भरला. त्यातला एक घोट आधी स्वतः पिऊन पाहिला आणि गिलास फोटोपुढे ठेवला.

"कायले, माय?" सुरभीने विचारलं. "दादाले आता काय होनार हाय?"

"राहू दे," नलू म्हणाली. "मले भेव लागते."