शिबिरात रुसले ते रुसलेच

इंदूरमधल्या जुनी इंदूर या वस्तीतल्या आम्ही काही बायका दवाखान्यात रुग्णांच्या नातेवाइकांना दुपारी खिचडी वाढतो. बिनपगारी सेवा. कोणी कधी यायचं, कुठे उभं राहायचं, हे मी ठरवायची. मग ही सेवा चालवणाऱ्या मंडळाने माझ्या डोक्यावर विजय नगर या नव्या वस्तीतली एक बाई बसवली. पुण्याहून आलेली, कंपनीत माणसं सांभाळते म्हणे. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसमोर माझ्या हातातला डाव काढून घेतला.

"आजी, तुम्ही बाकावर बसा. लोकांशी फार फटकळ बोलता."

आहे मी फटकळ. पण हातातला डाव असा घेत नाहीत. मी बाकावर बसले आणि मनात गाठ मारली.

पुढे मंडळाने शिबिर ठेवलं, स्वयंसेवक कसे सांभाळावेत याचं. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला नाटक करायला लावलं. ती बाई प्रमुख आणि मी रुसलेली स्वयंसेविका. "मॅडम, अम्माजी को मनाइए," सर म्हणाले.

"आजी, काय झालं?"

"काही नाही. उद्यापासून येणार नाही."

"असं कसं? रांग कोण बघेल?"

"तुम्ही आहात ना, शिकलेल्या."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"प्लीज आजी, तुमच्याशिवाय नाही होणार."

"नाही आले तर काय कराल? पगार कापाल?"

कंपनीत हेच तर करत असेल. ती सरांकडे बघायला लागली. सर टाळ्या वाजवत म्हणाले, "वा अम्माजी, क्या ॲक्टिंग है!"

ॲक्टिंग कसली? दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. सकाळीच घरोघरी सांगून आले होते, त्यामुळे बाकीच्याही गेल्या नाहीत. बाई पातेल्यापाशी एकटी. बेटमा गावाकडून आलेली कितीतरी माणसं उपाशी परतली म्हणे. त्यांचं वाईट वाटलं. तिचं नाही.

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष तिला घेऊन दारात हजर. "काकूजी, चूक झाली. तुमचं काम तुम्हीच सांभाळा."

"माफी इथे नको," मी म्हटलं. "उद्या सगळ्या बायकांसमोर मागायची."

तिने मागितली. शेजारीण कानात म्हणाली, "झालं ना काकू, आता सोडा."

मी सोडलं नाही. खाली लागलेलं पातेलं रोज तिलाच घासायला देते. तिलाही पगार नाही, जायचं तर खुशाल जावं. पण ती मुकाट्याने घासते. एकदा तरी रुसून घरी बसली असती तर मला बरं वाटलं असतं.